नोकरीचा नकार आल्यावर: प्रश्न इंटरव्ह्यूच्या दिवशीच लिहा, निष्कर्ष तिसऱ्या दिवशी काढा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं. आता रविवारी सकाळी मानेवाड्यातल्या एका अभ्यासिकेत मुलामुलींचे सराव इंटरव्ह्यू घेतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर एक चूक मला पुन्हापुन्हा दिसते. नकार आला की त्याच रात्री पोरं मोठमोठे निष्कर्ष काढून मोकळी होतात: माझं इंग्रजीच कच्चं, माझी ब्रँचच चुकली, आपल्याला ओळखच नाही. आणि आठवड्यानं मी विचारतो, "तुला त्यांनी नेमकं काय काय विचारलं होतं?" तर चारपेक्षा जास्त प्रश्न आठवत नाहीत.

हा क्रम उलटा आहे. प्रश्न ताजे असतानाच लिहायला हवेत, कारण ते लवकर विसरतात. निष्कर्ष मात्र मन निवल्यावर काढायला हवा. उलट केलं की कुठं अडलो ते कळत नाही, म्हणून माणूस सगळंच दुरुस्त करायला घेतो. सगळं दुरुस्त होत नाही आणि मग तो घरी बसून जातो. हुरूप तिथं संपतो. म्हणून खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम बदलू नका.

आधीची तयारी: वही, सोबती आणि एक आकडा

ही तयारी नकार यायच्या आधी करून ठेवा. नकाराच्या दिवशी ती होत नाही.

एक जाडसर वही घ्या. मोबाइलमधल्या नोट्स नकोत, कारण त्या दिवशी मोबाइल उघडला की आधी मित्रांच्या जॉइनिंगचे फोटो दिसतात. पहिल्या दहा पानांवर उभ्या रेघा मारून रकाने करा: तारीख, कंपनी, पद, अर्ज कुठून केला, कोणता रिझ्युमे पाठवला, कुठल्या फेरीपर्यंत गेलो, काय उत्तर आलं. रिझ्युमेचा रकाना बहुतेक जण गाळतात. मग कॉल येतो आणि आपण त्या कंपनीला काय लिहून पाठवलं होतं तेच आठवत नाही. उरलेली वही इंटरव्ह्यूंसाठी ठेवा. प्रत्येक इंटरव्ह्यूला समोरासमोरची दोन पानं द्यायची. डावं पान प्रश्नांचं, उजवं पान तूर्त कोरं.

सोबती म्हणजे दर रविवारी दहा मिनिटं तुमची वही बघणारा माणूस. तुमच्याच पदांसाठी अर्ज करणारा जिवलग मित्र यासाठी चालत नाही. त्याला कॉल आला की तुम्ही वही दाखवणं बंद करता, हे मी अनेकदा बघितलं आहे. आईबाबाही नकोत, कारण त्यांची काळजी त्या दहा मिनिटांत मावत नाही. कॉलेजातले सर, नोकरीत असलेली मोठी चुलत बहीण, आधीच्या कामावरचे सीनियर, असं कुणी शोधा आणि त्याचं नाव वहीच्या आतल्या कव्हरवर लिहा.

आकडा म्हणजे महिन्याचा किमान खर्च. यवतमाळ, गडचिरोली, भंडाऱ्याहून येऊन नागपुरात खोली करून राहणाऱ्यांनी भाडं, मेस, प्रवास, रिचार्ज आणि झेरॉक्स-प्रिंट सगळं धरा. हातातल्या पैशाला या आकड्यानं भागा. किती महिने निघतात ते वहीच्या आतल्या कव्हरवर लिहा आणि त्याच्या निम्म्या मुदतीच्या तारखेभोवती गोल करा. ही तारीख आठव्या टप्प्यात लागेल.

तपासा: आतल्या कव्हरवर एक नाव आणि एक तारीख आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

1. इंटरव्ह्यू संपला की, घरी पोहोचायच्या आधी

विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात इंटरव्ह्यू असेल तर खापरी स्टेशनवर, हिंगण्याकडे असेल तर लोकमान्य नगर स्टेशनवर मेट्रोत बसण्याआधी वही काढा. निकाल लागलेला नसतो, हीच लिहायची खरी वेळ. डाव्या पानावर प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा आणि त्याखाली तुम्ही काय सांगितलं ते दोन ओळींत. जिथं अडखळलात तिथं फुली मारा. जिथं समोरच्यानं मान वर करून बघितलं किंवा काही टिपून घेतलं तिथं टिंब द्या.

सगळ्यांत जास्त सुटतात ते गप्पांसारखे वाटणारे प्रश्न. कुठं राहता, घरी कोण कोण असतं, नोटीस पिरियड किती, शिफ्ट चालेल का, आत्ताचा पगार किती. मुलं हे प्रश्न लिहीतच नाहीत. टेबलाच्या आमच्या बाजूला मात्र निम्मा निर्णय त्यांच्यावर व्हायचा.

एक गोष्ट सांगतो. बुटीबोरीतल्या युनिटसाठी क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा होती. शेवटच्या तिघांत कामठीचा एक मुलगा होता. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात दिल्यावर तिघांत त्याचंच माप अचूक आलं. तरी आम्ही त्याला घेतलं नाही. कंपनीची बस छत्रपती चौकातून सुटायची, रात्रपाळी दहाला लागायची, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाहून रोज येणारा मुलगा दोन महिन्यांत सोडून जाईल, असा आमचा अंदाज होता. त्याला आम्ही एवढंच विचारलं, "अप-डाऊन कसं करणार?" तो म्हणाला, "मॅनेज करेन सर." वर्षभरानं तो मला बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, भेटला. मधल्या काळात त्यानं सहा महिने इंग्रजी बोलण्याचा क्लास केला होता, कारण नकार इंग्रजीमुळे आला असं त्यानं त्याच रात्री ठरवून टाकलं होतं. त्याचे मामा छत्रपती चौकाजवळच राहत होते. "आठवडाभर मामांकडे राहीन, रविवारी घरी जाईन" एवढं एक वाक्य त्यानं बोलायला हवं होतं. आणि कारण आम्ही त्याला सांगायला हवं होतं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तपासा: डाव्या पानावर किमान दहा प्रश्न आहेत का? राहणं, प्रवास, पगार, शिफ्ट यांतला एकही नसेल तर पुन्हा आठवा.

2. नकार कळला ती रात्र

या रात्री करायचं काम एकच: जेवून झोपणं. रडू आलं तर रडा, कुणाशी बोलावंसं वाटलं तर बोला. पण तीन गोष्टी सकाळपर्यंत करू नका.

रागाच्या भरात पन्नास अर्ज करू नका. त्या रात्री पाठवलेल्या अर्जांत पदाचं नाव चुकलेलं असतं, आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं असतं. हे अर्ज मी स्वतः उघडून बाजूला ठेवलेले आहेत.

कंपनीला उत्तर पाठवू नका आणि सोशल मीडियावर तिच्याबद्दल लिहू नका.

कोणताही कोर्स विकत घेऊ नका. यावर जरा थांबतो. नकारानंतरच्या दोन दिवसांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या जाहिराती जितक्या खऱ्या वाटतात तितक्या एरवी वाटत नाहीत. फी हप्त्यांत असेल तर ते बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लास आवडला नाही तरी हप्ते चालूच राहतात. 'नोकरी लागल्यावर फी' असं म्हणत असतील तर नोकरी कशाला म्हणायचं, किती पगाराला म्हणायचं, मधेच सोडलं तर काय, हे करारात लिहिलेलं असतं. तो करार घरी आणून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

सावध: रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, सिक्युरिटी डिपॉझिट, ऑफर लेटरची फी, कोणत्याही नावानं नोकरी देणारा पैसे मागत असेल तर बोलणं तिथंच थांबवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवून धरणं कठीण.

3. घरी सांगणं

विचारायच्या आधी आपण होऊन सांगा. लपवलं की रोज संध्याकाळी तेच ओझं घेऊन घरात शिरावं लागतं, आणि अभ्यासापेक्षा तेच जास्त थकवतं. तीन वाक्यं पुरतात: काय झालं, कुठपर्यंत पोहोचलो, पुढचं कधी सांगेन.

"बाबा, त्या कंपनीचं नाही झालं. दुसऱ्या फेरीपर्यंत गेलो होतो. कुठं अडलं ते बघतो आणि रविवारी तुम्हाला सांगतो."

रविवारी खरंच सांगा. दोनदा शब्द पाळला की घरचे रोज विचारणं कमी करतात. मुलींच्या घरात प्रत्येक नकारानंतर स्थळांचा विषय निघतो. तिथं तर तारखेसह योजना सांगणं फार गरजेचं आहे. "अजून थोडे दिवस" यावर कुणी थांबत नाही. "जूनअखेरपर्यंत हे पंचवीस अर्ज आणि ही एक तयारी" असं सांगितलं की बोलणी पुढं ढकलायला घरच्यांकडेही काहीतरी असतं.

लग्नाच्या पंगतीत काका विचारतात, "काय मंग, लागला का कुठं?" यावर मान खाली घालू नका. "नाही काका, शोधणं चालू आहे. तुमच्या ओळखीत स्टोअर्स किंवा डिस्पॅचला जागा असेल तर सांगा बरं." पदाचं नाव घेतलंच पाहिजे. "काही असेल तर बघा" म्हटलं की कुणी काही बघत नाही. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या लहान युनिटमधल्या कितीतरी जागा जाहिरात न देता, कामावरच्या माणसांना विचारून भरल्या जातात. आम्हीही तेच करायचो.

4. तिसरा दिवस: नेमकं कुठं अडलं

आता उजवं पान उघडा. सकाळी, चहा झाल्यावर बसा. रात्री नको.

आधी या एका इंटरव्ह्यूचं बघा: फुल्या कुठं आहेत, टिंबं कुठं आहेत. मग वहीच्या पहिल्या पानांवरच्या शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचा. एका नकारातून फारसं कळत नाही, पंधरा ओळींतून कळतं. चारपैकी एक चित्र दिसेल.

कॉलच येत नाहीत. मग अडचण रिझ्युमेत आहे किंवा अर्ज चुकीच्या ठिकाणी जात आहेत. इंटरव्ह्यूची तयारी करून इथं काहीच फरक पडणार नाही, आणि लोक नेमकी तीच करत बसतात. जाहिरातीतलं कामाचं वर्णन आणि तुमचा रिझ्युमे शेजारी ठेवा. त्यांनी मागितलेली कामं तुमच्या पहिल्या अर्ध्या पानात दिसतात का? 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' हे शब्द आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक अर्जावर असायचे. कुणी "टॅलीमध्ये रोजच्या 40 व्हाउचरची नोंद" असं लिहिलं की आम्ही थांबून वाचायचो.

फोनवरच बोलणं संपतं. तर पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड, ठिकाण किंवा मधला रिकामा काळ यांतलं काहीतरी अडतं आहे. या चारही गोष्टींचं प्रत्येकी दोन वाक्यांचं उत्तर लिहून फोनच्या टेबलाजवळ चिकटवा. गॅप असेल तर खरं कारण एका वाक्यात आणि त्या काळात काय केलं ते दुसऱ्या वाक्यात. लांबण लावली की समोरच्याला शंका येते.

टेक्निकल फेरीत अडतं. हे चित्र त्यातल्या त्यात चांगलं, कारण पेपर तुमच्या हातात आहे. डाव्या पानावरच्या फुल्या हाच तुमचा अभ्यासक्रम.

शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहतं. इथं तुमचा दोष असेलच असं नाही. जागा मंजूर होऊन गोठते, आतलाच माणूस बढतीवर घेतात, दुसरा पंधरा दिवस आधी रुजू होऊ शकतो. या तिन्ही कारणांनी मी चांगल्या मुलांना नाही म्हटलेलं आहे. तुम्ही शेवटच्या फेरीपर्यंत वारंवार जात असाल तर तयारी बदलू नका, अर्ज वाढवा.

तपासा: तुमच्या निष्कर्षात 'नेहमी', 'कधीच', 'मुळातच' असा शब्द आहे का? असेल तर तो निष्कर्ष नाही, दुखावलेलं मन बोलतं आहे. वाक्य असं घडवा की पंधरा दिवसांत त्यावर काम करता येईल. "माझं इंग्रजी वाईट आहे" खोडा. "प्रोजेक्टबद्दल विचारलं तेव्हा दोन मिनिटं इंग्रजीत सलग सांगता आलं नाही" असं लिहा.

5. पंधरा दिवस, एकच दुरुस्ती

उजव्या पानाच्या तळाशी एक दुरुस्ती लिहा. दुसरी आठवली तरी लिहू नका. रिझ्युमे, इंग्रजी, कोडिंग, व्यायाम, पहाटे पाचला उठणं, हे सगळं एका सोमवारी सुरू करणारा मुलगा मला गुरुवारनंतर दिसत नाही.

बोलण्याची दुरुस्ती असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःची ओळख दीड मिनिटात संपली पाहिजे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातली "म्हणजे", "ॲक्च्युअली" कानाला टोचायला लागतात आणि आपोआप कमी होतात. ज्ञानाची दुरुस्ती असेल तर रोज एक फुली घ्या, तिचं उत्तर कागदावर लिहा आणि रविवारी सोबत्याला तोंडी समजावून सांगा.

6. कंपनीला एक मेल

हा मेल चौथ्या दिवशी पाठवा. भाषा त्यांच्या मेलची असेल तीच ठेवा, मजकूर एवढाच:

"इंटरव्ह्यूसाठी वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. निवड झाली नाही हे समजलं. पुढच्या वेळी मी कोणती एक गोष्ट सुधारावी, हे सांगता आलं तर मदत होईल. भविष्यात योग्य जागा निघाल्यास माझा विचार व्हावा ही विनंती."

एकच गोष्ट विचारा. "माझं कुठं चुकलं?" असं विचारलं की उत्तर देणारा सावध होतो. बहुतेकांकडून उत्तर येत नाही, ते मनाला लावून घेऊ नका. आठवण करून देणारा दुसरा मेल नको. अनेक आयटी कंपन्या नकारानंतर ठरावीक काळ, बरेचदा सहा महिने, त्याच उमेदवाराचा अर्ज पुन्हा घेत नाहीत. ती तारीख वहीत लिहून ठेवा.

7. आठवड्याची घडी

मोजायचं ते आपल्या हातातलं: किती अर्ज नीट वाचून केले, किती माणसांशी बोललो, किती फुल्या सोडवल्या. ऑफरची संख्या मोजायला घेतली तर महिनोन्महिने शून्यच दिसणार.

दिवसाला दोन चांगले अर्ज पुष्कळ झाले. राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, या दोन्ही पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथं मिळते. पदवी-पदविकावाल्यांनी नॅट्स आणि आयटीआयवाल्यांनी एनएपीएस या केंद्र सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या, जागा बघाव्यात. विद्यावेतन कमी असतं, पण रिझ्युमेत खऱ्या शॉपफ्लोअरचा अनुभव येतो, आणि आम्ही तो वाचायचो.

नागपूरचं म्हणून दोन गोष्टी. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. एमआयडीसीत फिरून रिझ्युमे द्यायचे तर सकाळी आठ ते अकरा, दुपार अभ्यासिकेत. उन्हानं थकून घरी आलेला माणूस संध्याकाळी 'आपलं काही होत नाही' म्हणतो, तेव्हा त्यातलं निम्मं ऊन बोलत असतं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की बर्डी, झिरो माईल, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे वळवलेले असतात. त्या दिवसांत एक तास आधी निघा किंवा मेट्रो धरा.

रविवारी वही दाखवून झाली की उरलेला दिवस नोकरीचं नाव काढू नका. तर्री पोहे खा, फुटाळा तलावावर फिरा, झोपा.

8. गोल केलेली तारीख आली तर

निम्मी मुदत संपली की पोटापुरतं काम धरा: अर्धवेळ शिकवण्या, दुकानातला हिशेब, वाडीच्या एखाद्या गोदामात डेटा एंट्री. पैसे पूर्ण संपल्यावर मिळेल त्या पगाराला हो म्हणावं लागतं. हातात चार पैसे असले की इंटरव्ह्यूत आवाज वेगळा लागतो. कामाच्या वेळा मात्र अशा घ्या की आठवड्यातला एक दिवस कामाच्या वेळेत इंटरव्ह्यूला जाता येईल.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांनाही हेच लागू आहे. किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे पहिल्या निकालाआधी लिहा. निकालानंतर लिहिलं तर दर वेळी एक वर्ष वाढतं.

सावध: दोन आठवडे झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, माणसं टाळावीशी वाटतात, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, तर ही वही बाजूला ठेवा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

9. पुढचा कॉल आला की

आनंदात "हो, येतो" म्हणून फोन ठेवू नका. पद, ठिकाण, वेळ आणि कुणाला भेटायचं, हे विचारून घ्या आणि मेसेज करायला सांगा. मग वहीत त्या कंपनीची ओळ काढा, कोणता रिझ्युमे गेला होता तो वाचा आणि त्याचीच प्रिंट काढा.

आदल्या रात्री नवं काही वाचू नका. मागच्या दोन इंटरव्ह्यूंची डावी पानं उघडा आणि फुल्या मारलेल्या प्रश्नांची उत्तरं मोठ्यानं म्हणा. प्रवासाचा रस्ता आणि बदलायची मेट्रो ठरवून ठेवा, म्हणजे "अप-डाऊन कसं करणार?" याचं उत्तरही तयार होतं. सकाळी काहीतरी खाऊन निघा. बॅगेत मूळ प्रमाणपत्रं, दोन प्रिंट, पाण्याची बाटली आणि वही, जोडपान कोरं. परतताना स्टेशनवर ती लागणार आहे.